‘स’ नसलेलं वाक्य

परळला, इस्पितळाच्या तळमजल्यावर, क्ष-किरणांच्या पलीकडे
आमची खोली. भिंतींना करडा स्पंज,
दाराला जाड रबराची कड.
बाहेरचा आवाज आत येत नाही, असं निविदेत लिहिलंय.
पण रस्त्यावर नव्या पुलाचे खांब ठोकतात,
म्हणून मी कान तपासते दीड ते अडीच,
मजुरांच्या जेवणाच्या सुट्टीत.

क्रमांक एकसष्ट. भालचंद्र वडके, वय एकाहत्तर.
तांबाकाट्याला चाळीस वर्षं हंडे मठारले.
तक्रार: कानात वाजतं. दोन्ही. सतत.
मी सूर लावते, ते मान हलवतात.
चार हजार. नाही.
सहा. “जवळ आलात, पण हा फार गुळगुळीत आहे, बाई.”
साडेसहा?
शेवटी माझंच पेन घेऊन टेबलाच्या लोखंडी पायावर मारतात
आणि बोट वर धरून थांबतात.
ठोका नव्हे.
ठोक्यानंतर भांड्यात जे राहतं, ते.
अर्जात त्याला चौकट नव्हती.
मी ‘इतर’वर खूण केली.

मग सगळ्यांना सांगते तेच सांगितलं:
कानाच्या आत एक गोगलगाय आहे, तिच्यात केसाळ पेशी,
मोडल्या की पुन्हा उगवत नाहीत;
तिकडून काही येईनासं झालं
की मेंदू आपलं बटण पिळत राहतो, अजून, अजून,
आणि स्वतःचीच खरखर ऐकतो.
माझ्या ओठांकडे बघत त्यांनी ऐकलं.
“म्हणजे गिऱ्हाईक नाही
आणि दिवा लावून बसायचं.
कळलं. आमच्या गल्लीत तेच चाललंय.”

अभ्यास बहिरेपणाचा, पण त्याला आंधळा म्हणतात:
निम्म्यांना खरं यंत्र, निम्म्यांना नुसती डबी,
कुणाला काय ते देणाऱ्यालाही ठाऊक नाही.
देणारी मी.
संमतीचा कागद लोक न वाचता सही करून परत देतात.
वडक्यांनी वाचला. जोराने, बोट फिरवत,
बाहेरच्या बाकावरच्यांनाही पाठ झाला असेल.
मग डबी गळ्यात घातली, ताइतासारखी.
रोज एक तास. वेळ वहीत.
वही दुकानाची होती, जमा-खर्चाच्या रेघांची,
त्यांनी सगळं ‘जमा’त लिहिलं होतं.

सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं.
आवाजाची उंची तीच, जाडी तीच, एक टिंबही हललं नाही.
त्रास किती, दहापैकी?
आधी नऊ होता.
“तीन,” म्हणाले. “वाजतो. पण आता
घरातलं भांडं वाजल्यासारखा.”

काल पाकिटं उघडली.
एकसष्ट: डबी.

मॅडम म्हणाल्या, कळवायला हवं, नियम आहे.
त्यांची लेक भांडुपला, ते घरी एकटे,
म्हणजे फोन. आणि फोनवर त्यांना
स पोचत नाही, श नाही, फ नाही,
वरच्या पट्टीतलं सगळं हातोडीनं नेलंय.
‘नुसती’ म्हटलं तर काय ऐकतील?
‘फसवलं’ म्हटलं तर? तो शब्द तर पुरताच गळेल,
मधला वलं तेवढा उरेल.
दुपारभर मी कागदावर वाक्यं खोडत बसले,
कारकून म्हणाला, मॅडम, कविता का?
शेवटी एक जमलं.

“काका, ते यंत्र कधी चालूच नव्हतं.”

पलीकडे कुकरची शिट्टी. त्यांच्यासाठी नसलेली.
मी पुन्हा म्हणाले, हळू, एकेक अक्षर मठारून.
“कळलं हो,” ते म्हणाले,
“लिहिलं होतं की तुम्ही. पान तिसरं, खालून चौथी ओळ.
आता परत आणून देऊ,
की राहू द्या अजून थोडे दिवस?”

‘तिसरं’तला स त्यांनी नीट, धारदार उच्चारला,
चाळीस वर्षांच्या सवयीनं काठ बसवावा तसा.
त्यांना तो ऐकू गेला नसणार.
खांब ठोकायला सुरुवात झाली होती.
मला आला.